वर्षाचं रिचार्ज

ज्ञानू तात्याचा फोन आमच्या वस्तीवर सगळ्यात जुना. दोनदा विहिरीत पडला, एकदा म्हशीनं वैरणीतनं गिळला, आणि दुसऱ्या दिवशी शेणातनं निघाला तेव्हा वाजत होता. म्हशीचं कुणाला पटत नाही, तर राहू द्या. विहिरीचं तेवढं धरा. बटनांचा, पाठीला रबर गुंडाळलेला तो फोन तात्या बंडीच्या खिशात ठेवायचा. दुपारची भाकरी झाली की काढून मांडीवर घ्यायचा, आणि मग तो वाजायचाच. कारण तात्याला फोन करणारं माणूस जगात एकच होतं. काटेवाडीत दिलेली त्याची थोरली बहीण, सरुबाई.

सरुबाई मोरीत घसरून पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. सून दुपारी गोठ्यात गेली की उशाखालचा फोन काढायची आणि नातवानं दाखवून दिलेलं एक बटन दाबून धरायची. तात्याला तेवढंही येत नव्हतं. तो फक्त उचलायचा.

"जेवला का रं?"

"जेवलो. तू, आक्का?"

"जेवले. काय व्हतं कालवण?"

"मेथी."

"आमच्यात बी मेथीच."

एवढं बोलायला दोघांना अर्धी दुपार लागायची. मधी नुसतीच बसायची, खोकायची, एकमेकांच्या घरची कोंबडी ऐकायची. तात्याची बायको रंगुबाई गेली तेव्हापासून त्याच्याशी बिनकामाचं बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. सून अंजली चांगली होती, पण तिचं बोलणं कामापुरतं. बिचारीला कामच तेवढं होतं. मुलगा रविंद्र बारामती एमआयडीसीत ठेकेदाराकडं. तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला मोटरसायकलवर यायचा. वाटेत काटेवाडी लागते. पण आत्याच्या दारात त्यानं कधी गाडी वळवली नाही. माहेरच्या हिश्श्याच्या हक्कसोडीवर सरुबाईनं अंगठा दिला नव्हता. 'ज्ञानू हाय तवर जमीन ज्ञानूची, अंगठा कशाला?' एवढंच ती म्हणाली होती. रविंद्रनं त्या घरचे सगळे नंबर ब्लॉक करून टाकले.

फाल्गुनात एका दुपारी तात्याचा फोन वाजला नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. तात्यानं तो झटकला, कानाला लावला, उन्हात वाळत ठेवला. शेवटी अंजलीनं हातातलं खोरं बांधाला टेकवून बघितला.

"रिचार्ज संपलंय, तात्या. येनारं बी बंद झालंय."

"मी कुठं कुनाला लावतो? मी तर नुसतं घेतो."

"घेन्याचं बी पैसं असत्यात आता."

तात्याला ते काही केल्या उमगेना. देणाऱ्यानं द्यावं, घेणाऱ्यानं घ्यावं, यात तिसऱ्याचं काय गेलं?

रविवारी रविंद्र आला आणि बापाला मागं बसवून बाजारातल्या सुयोगच्या मोबाईलच्या दुकानात घेऊन गेला. सुयोगच्या तोंडाचा पट्टा कारखान्याच्या गव्हाणीसारखा, घाला तेवढं गिळतो आणि थांबत नाही.

"अठ्ठावीस दिवसाचं हाय, चौऱ्याऐंशीचं हाय, वर्षाचं हाय. नेट किती पायजे, आजोबा? रोजचं दीड जीबी?"

"नको बाबा. मला पचत न्हाय," तात्या म्हणाला.

गिऱ्हाइकं हसली. तात्याही हसला, काय झालं ते न कळता.

"नुसतं येनारं न्हाय का?" रविंद्रनं विचारलं.

"गेले ते दिवस. महिन्याचं सवंग दिसतं, पर वर्षाचा हिशोब घातला तर तेच म्हाग. बिगर नेटचं, नुसत्या बोलन्याचं वर्षाचं घे. एकदा मारलं की बघायलाच नको."

रविंद्रनं खिशातनं आणखी एक सिम काढून काउंटरवर ठेवलं. नीरेवरच्या मोटरीच्या पेटीतलं. आमच्याकडं आता मोटर चालू करायला नदीवर जावं लागत नाही. स्टार्टरच्या पेटीत सिम असतं, त्या नंबरला फोन लावला की मोटर चालू, परत लावला की बंद. पण पाऊसकाळात मोटर वर काढून ठेवली होती आणि पेटीचं रिचार्ज कुणी मारलंच नव्हतं.

सुयोगनं ते सिम आपल्या फोनात घालून बघितलं. "हे मेलं. नवं काढावं लागंल, अन् त्याला येगळं रिचार्ज."

रविंद्र बराच वेळ काचेखालच्या चार्जरांकडं बघत राहिला. ठेक्यावरची पाळी कधी मिळते कधी नाही. इकडं ऊस पिवळा पडत चाललेला. मग म्हणाला, "तात्याच्या नंबराला वर्षाचं मार. बिगर नेटचं."

तात्या कावराबावरा झाला. "वर्षाचं? आरं, एवढं कशाला? अठ्ठावीस दिवसाचं बघ की. माझं काय खरं हाय?"

"कंपनीनं लिहून दिलंय आजोबा, तुमी वर्षभर हाय," सुयोग म्हणाला.

परतताना तात्यानं मोटरसायकल चारदा थांबवायला लावली. पाराजवळ, दूध डेअरीजवळ, माझ्या दारात, आणि एकदा तर नुसत्या एका म्हशीपाशी, कारण तिचा मालक झुडपाआड बसला होता. "पोरानं वर्षाचं मारलं. मी म्हनलं नको, तर ऐकना." म्हाताऱ्याचं तोंड असं फुललं होतं की कानाच्या पाळ्यासुद्धा हसत होत्या.

वस्तीचा फाटा आला, पण रविंद्रनं गाडी सरळ नदीकडं घातली. मोटरीपाशी उतरला, पेटीचं झाकण उघडलं आणि हात पुढं केला.

"फोन द्या, तात्या."

तात्यानं दिला. त्याला वाटलं, बघायला मागतोय. रविंद्रनं रबर काढलं, पाठ काढली, नखानं सिम उचकटलं.

"ह्या पान्याच्या पाळीपुरतं. ऊस वाळतोय. दोन-दोन रिचार्ज कुठनं आनू मी? आन् तुमाला फोन करतंय कोन?"

"आक्का करती."

रविंद्रनं सिम पेटीत बसवलं. "मोटरीला फोन लागला तर चार मानसं जगत्यात. आत्याला लागला तर मेथी निघती."

रविंद्रनं आपल्या फोनवरनं नंबर लावला. पेटीतलं खटकं पडलं, मोटर घुरघुरली, पाइपाच्या तोंडातनं आधी हवा, मग गाळ, मग पाणी आलं. फोनातनं एक बाई अगदी शहरी बोलीत म्हणाली, "मोटर चालू झाली आहे." रविंद्रनं पेटीवरचं तांबडं बटन दाबलं. मोटर थांबली, आणि पेटीनं आपण होऊन रविंद्रच्या फोनला उलट रिंग दिली. "मोटर बंद झाली आहे." ज्यानं चालू केली त्याला पेटी कळवते, अशी सोय.

"कुनाचा बी फोन चालंल असं करून ठिवलंय," रविंद्र म्हणाला. "अंजलीच्या फोनचं काय खरं न्हाय. मी बारामतीतनं लावीन, ती शेजारणीच्या फोनवरनं लावंल. तुमी आता आराम करा."

रिकामा फोन त्यानं बापाच्या हातात परत दिला. तो पेटत होता, पण पोटात काही नव्हतं. सरुबाईचा नंबर सिममध्येच होता, तोही पेटीत गेला. रविंद्रकडं होता, पण त्यानं तो कधीच पुसला होता, आणि तात्याला आकडे वाचता येत नव्हते.

पारावर थट्टा सुरू झाली. कुणीतरी तात्याचा नंबर लावून बाईचा आवाज ऐकला. आप्पा न्हावी म्हणाला, "तात्या, म्हातारपनी बाई ठिवली, आन् ती बी शुद्ध बोलनारी?" तात्या पहिल्यांदा हसला. मग पारावर यायचा बंद झाला. काठी टेकत टेकत नदीवर जाऊन मोटरीपाशी बसायला लागला.

तिथं तसं कामही होतं. नीरेत जलपर्णी एवढी माजली होती की आमची एक शेळी तिच्यावरनं चालत पलीकडच्या जिल्ह्यात गेली आणि येताना दोन करडं घेऊन आली. ती जलपर्णी पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाला, फुटबॉलला, गुंडाळली की मोटर पाणी ओढत नाही. तात्या काठीला विळा बांधून ती कापायचा. गुडघे पाण्यात गेले की कळा मस्तकात जायच्या. बाहेर आला की पायाची कातडी भिजल्या चामड्यासारखी पांढरी. वर रानात अंजली दारं धरायची, एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून पाणी दुसरीत. तिच्या हाताला घट्टे होते, टाचांना भेगा, आणि कंबरेत ओढणी घट्ट बांधलेली, ती शोभेसाठी नव्हे.

एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाच्या आठवड्यात एका दुपारी अंजलीनं मोटर बंद केली आणि भाकरी खायला बसली. तात्याही मोटरीपाशी फडकं सोडून बसला. चार घास झाले आणि मोटर आपोआप सुरू झाली.

त्यानं वर हाक घातली. "अंजली, लावली का गं?"

"न्हाय. फोन हितंच हाय माझ्यापाशी. त्येंनी लावली आसंल."

अंजलीनं रविंद्रला विचारलं. तो कामावर होता, त्यानं लावली नव्हती.

तात्या हातातला घास तसाच धरून पेटीकडं बघत राहिला. भाकरीनंतरची वेळ. त्या वेळेला त्याला कुणी फोन केला असेल, ते त्याला सांगावं लागलं नाही. तो उठला, पेटीला तोंड लावून म्हणाला, "आक्का, जेवलो गं."

पेटी काय ऐकणार. पाणी धो धो वाहत होतं. मग तात्याला आठवलं. त्यानं तांबडं बटन दाबलं. मोटर थांबली, पेटीतला हिरवा दिवा लुकलुकायला लागला, उलट रिंग निघाली. दिवा लुकलुकत होता तो एकदम स्थिर झाला. तिकडं कुणीतरी उचललं होतं. थोड्या वेळानं विझला. आणि लगेच मोटर परत सुरू झाली.

त्या दिवशी दोघं पाचसात वेळा बोलली. तात्याचा हिशोब सोपा होता. मोटर चालू झाली म्हणजे 'जेवला का'. बंद केली म्हणजे 'जेवलो'. परत चालू म्हणजे 'काय व्हतं'. पुढचं त्याचं तो मनात बोलायचा आणि बटन दाबायचा.

अंजली खोरं घेऊन खाली आली. घामानं चोळी पाठीला चिकटलेली. "तात्या, पानी येतंय-जातंय. सरीच्या निम्म्यात आटतंय. मोटर जळंल अशानं."

तात्यानं खाली मान घातली. "तुझी आत्यासासू बोलतीया."

तिनं पेटीकडं बघितलं, सासऱ्याकडं बघितलं. हसावं तर हसू येईना. तेवढ्यात मोटर सुरू झाली. तात्याचं बोट बटनाकडं गेलं आणि तिच्याकडं बघून थांबलं.

"दाबा," अंजली म्हणाली. "मी भाकर खाईस्तवर बोला. मग मातूर चालू ऱ्हाऊ द्या." आणि बांध चढताना वळून म्हणाली, "ह्यांना सांगू नका."

दिवसाच्या लाईटचा आठवडा तात्याला सणासारखा जायला लागला. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात दुपारी मोटर मुकी. सरुबाईनं फोन लावला तरी तिला बाई सांगणार, लाईट आलेली नाही. त्या आठवड्यात तात्या नीट जेवायचाही नाही. दोनदा त्यानं अंजलीच्या फोनवरनं रविंद्रला विनवलं.

"मला एकदा काटेवाडीला सोड. तिला बघून येतो."

"एवढी पाळी उरकू द्या, तात्या."

"तुझ्या वाटंवरच हाय ती."

"वाटंवर लई जन हायेत." मागनं मशिनचा आवाज येत होता. "मी बी मानूस हाय, तात्या. पुढच्या सुट्टीला बघू."

एस.टी.नं एकटा जायला तात्या एकदा निघालाही. फाट्यापर्यंत गेला. पायरी उंच होती, गुडघा वर येईना, मागची माणसं खोळंबली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, कुनाला तरी घिऊन येत जावा," आणि डबल बेल दिली. धूळ बसली तेव्हा तात्या काठीवर भार देऊन उभाच होता.

चैत्रातला दिवसाच्या लाईटचा आठवडा आला. मंगळवारी तात्या सकाळीच नदीवर आला, कारण जलपर्णी परत आली होती. अंजलीचं पाणी शेवटच्या तुकड्यात पोचलं होतं. तो तुकडा भिजला की ऊस तगणार होता. तिनं मोटर लावली आणि न्याहारी करायला बंद केली. तेवढ्यात मोटर सुरू झाली.

सकाळीच. तात्याला नवल वाटलं. त्यानं बटन दाबलं. दिवा लुकलुकला, स्थिर झाला, विझला. मोटर परत सुरू. त्यानं परत दाबलं. परत सुरू. आज सरुबाई दम घ्यायला तयार नव्हती.

"काय गं आज एवढं?" तो पेटीला म्हणाला. "बरं वाटतंय जनू."

ऊन चढलं. अंजलीनं वरनं विचारलं, "तात्या, कवा उरकंल?"

"आज लई बोलायचंय तिला," तात्या ओरडला. "बसाय उठाय लागली आसंल. एवढ्या येळा कवाच लावला न्हाय."

"बोला मग. मी घरनं कडबा टाकून येते."

तात्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावरचा घाम पुसायलाही त्याला सवड नव्हती. मोटर सुरू झाली की तो सांगायचा: कालवणाचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, पोरानं वर्षाचं रिचार्ज मारल्याचं सांगितलं, रंगुबाईच्या जुन्या कागाळ्या सांगितल्या आणि हसला. लहानपणी ह्याच नदीत आक्कानं त्याला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं होतं, तेही सांगितलं. प्रत्येक वेळी बटन दाबलं, प्रत्येक वेळी तिकडं कुणीतरी उचललं. माणूस एवढं सुखात बसलेलं मी त्या काठावर दुसरं बघितलं नाही. मी वैरणीचा भारा घेऊन चाललो होतो. मला म्हणाला, "बसा की. आक्का हाय."

दुपार भरायच्या आत मोटर गप्प झाली. तात्या थोडा वेळ बटनावर बोट ठेवून बसला. "दमली," म्हणाला, आणि भाकरी सोडली.

अंजली परत आली, मोटर लावून रानात गेली. पाणी सऱ्यांतनं नीट चाललं होतं. उन्हं कलली तेव्हा बांधावरनं एक मोटरसायकल आली. पोरगा उतरला, दाढी वाढलेली, डोळे लाल, अंगावरचा शर्ट ओला होऊन अंगावरच वाळलेला. सरुबाईचा नातू, यशराज. त्याला बघून तात्या काठी शोधायला लागला.

"ये, ये बाबा. आक्कानं धाडलं व्हय?"

यशराज जागचा हलला नाही. "आबा, तुमी का न्हाय आला?"

"कुठं?"

"पहाटं आजी गेली."

तात्याचा हात काठीपर्यंत जाऊन तिथंच राहिला.

"सकाळधरनं फोन लावतोय तुमाला. बापानं लावला, मी लावला, भावकीनं लावला. रविंद्रकाकाला लागतच न्हाय. तुमच्या नंबरावर बाई बोलती, मोटर चालू झाली. मग तिकडनं फोन येतो, वाटतं तुमीच. उचलला की म्हनती, मोटर बंद झाली. परत लावला, परत तेच." पोराचा आवाज चिरकला. "मढं अंगनात ठिवून आमी मोटर चालू-बंद ऐकत बसलो, आबा. आजीनं सांगून ठिवलं व्हतं, माझ्या भावाचं लुगडं अंगावर पडल्याबिगर मला उचलायचं न्हाय. लोक उन्हात उभी. ऊन वाढाय लागलं. शेवटी बापानं दुकानातनं लुगडं आनलं, तुमचं नाव घिऊन घातलं. बायका बघत व्हत्या सगळ्या. बाप म्हनला, जा, तोंडावर इचारून ये म्हाताऱ्याला, जमिनीपायी एवढा राग धरला का."

तात्यानं पेटीवर हात ठेवला.

"महिनाभर ती म्हनायची, ज्ञानू मोटरीवर बसलाय, बटन दाबून बोलतो माझ्यासंगं. रिंग आली की म्हनायची, जेवला बघा ज्ञानू. आमाला वाटायचं, म्हातारी बरळती." यशराजनं नाक पुसलं. "खरं काय हाय, आबा?"

वर एक सरी फुटली म्हणून अंजलीनं फोनवरनं मोटर बंद केली. ती माती ओढून सरी बांधत होती. नदीवर एकदम शांत झालं. तात्या नुसता पेटीकडं बघत होता. यशराजला ते बघवेना, की राग आवरेना, कोण जाणे. त्यानं खिशातनं फोन काढला आणि तात्यासमोर धरून नंबर लावला.

"ऐका. हे ऐकलं आमी सकाळधरनं."

पेटीत खटकं पडलं. मोटर सुरू झाली. यशराजच्या हातातनं ती बाई बोलली.

तात्याचं बोट सवयीनं तांबड्या बटनापाशी गेलं. दिवसभर ते तिथंच जात होतं. बटनापासून एवढंसं दूर ते थांबलं, पुढं गेलं नाही.

वरनं, उसातनं, अंजलीची हाक आली. तिला अजून काही माहीत नव्हतं.

"तात्या, आता बंद करू नका. दोनच सऱ्या ऱ्हायल्यात."